खोक्यावरची शाल

"कधीच बंद पडणार नाही, असा कोणता?"

"काय कोणता?" चाचांनी मान वर केली नाही.

"सर्व्हर. घरातला. टीव्हीला जोडायचा."

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या बोळात इलाही चाचांचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. आलेल्या वस्तूला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. माझा थोरला भाऊ उत्तम दहावीनंतर चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता.

मी खोकं काउंटरवर ठेवलं. शालीत गुंडाळलेलं.

चाचांनी आधी शाल बघितली. मग मला.

"तू उत्तमचा बारका."

"हो."

"...बस."

"बसायला वेळ नाही. हे खराब झालंय. मला नवीन घ्यायचंय."

"बस म्हटलं ना, लेका."

बसलो.

खोकं दादानं बनवलेलं. एका ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणि त्यात एक मोठी डिस्क. दादा लग्नाची शूटिंग करायचा. केलेलं सगळं ह्यात भरून ठेवायचा आणि खोकं टीव्हीला जोडलेलं. रिमोट दाबला की पाहिजे ते लग्न लागायचं. गल्लीतल्या बायका दुपारच्या यायच्या, आपापल्या वराती बघून नवऱ्यांना हसून जायच्या.

भाद्रपदात दादा गेला. ताप आला. अकरा दिवस.

एवढ्या लग्नांत दादा कुठंच नाही. तो कायम कॅमेऱ्यामागं. एकच व्हिडिओ आहे. नवीन माईक आणला तेव्हा त्यानं तो आईच्या पदराला लावला आणि ती शेंगा फोडत होती ते अर्धा तास टिपलं. दिसते आई. आवाज दादाचा. शेवटी माईक काढायला तो पुढं येतो, तेवढाच काय तो दिसतो.

आई रोज संध्याकाळी तेच लावायला सांगते. आणि रोज ते मधेच बंद पडतं. दादा पुढं यायच्या आधी. शेवटाकडं ढकलून लावलं तर आई रिमोट काढून घेते. पहिल्यापासून लाव, म्हणते.

पडदा काळा झाला की आई म्हणते, "गेला परत."

रोज.

मी खिशातली चिठ्ठी काढून चाचांच्या पुढं ठेवली. कोल्हापुरातल्या दुकानदारानं लिहून दिलेली. नवा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, चार डिस्क मावतील असा मोठा डबा.

"एवढंच एकदा नजरेखालून घाला," मी म्हटलं. "बाकी मला कळतंय. मोबाइलवर बघून सगळं शिकलोय मी."

"मग मोबाइललाच विचारायचंस की."

मी चिठ्ठी आणखी पुढं सरकवली.

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली.

"घरात टीव्ही किती?"

"एक."

"बघणारं माणूस?"

"...आई."

"किती व्हिडिओ बघती?"

"एक."

त्यांनी प्रोसेसरवर रेघ मारली. रॅमवर मारली. ग्राफिक्स कार्डापाशी जरा थांबले.

"खेळ खेळती का आई? बंदुकांचे?"

"चाचा, चेष्टा नको."

रेघ मारली. मग मोठा डबा. तिथंही रेघ, पण डब्यातल्या चार डिस्कपैकी एक त्यांनी ठेवली. तिच्याभोवती गोल केला.

"ही पाहिजे," ते म्हणाले. "त्या व्हिडिओची दुसरी प्रत केलीयस?"

"नाही. त्यानं जिथं ठेवलंय तिथनं मी हलवणार नाही."

"डिस्क फिरती. फिरणारी वस्तू एक दिवस थांबणार. म्हणून दोन ठिकाणी ठेवायचं."

"मग दुसरीपण थांबेल."

"थांबेल."

"मग?"

"मग तिसरी आणायची."

मला राग आला. मी आलो होतो कधीच न थांबणारं विचारायला.

"आणि हे सगळं घेणार कशावर होतास?" चाचांनी विचारलं.

मी पिशवी वर ठेवली. तिच्यात दादाचा कॅमेरा होता. गिऱ्हाईक ठरलं होतं.

चाचांनी पिशवीला हात लावला नाही. नुसते बघत राहिले... मग दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली.

"एका डिस्कला कॅमेरा विकायला लागत नाही."

"पण खोकं बंद पडतंय त्याचं काय?"

"कधीपासनं?"

"दिवाळी झाल्यापासनं."

"दिवाळीनंतर घरात काय बदललं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काय बदलणार, चाचा? होता तो गेला. आता काय बदलायचं राहिलंय?"

माझा आवाज चढला होता. शेजारचा चपलांचा दुकानदार डोकावून गेला.

चाचा त्याच सुरात म्हणाले, "बंद पडल्यावर लगेच चालू होतं?"

"नाही. थांबावं लागतं. घटकाभर."

"हात लावून बघितलास?"

"रोज लावतो. नमस्कार करताना."

"गरम लागतं?"

मी शालीकडं बघितलं. दादाची शाल. शूटिंगला रात्री उशीर व्हायचा म्हणून आईनं घेऊन दिलेली, लोकरीची.

"...लागतं," मी म्हटलं. "शालसुद्धा गरम होते. आई तिच्यावर हात ठेवून बसते."

चाचांनी शाल सोडली. घडी घातली, आपल्या मांडीवर ठेवली. मग स्क्रू काढायला घेतले. चार स्क्रू काढून त्यांनी खोक्याचं झाकण उचललं आणि उलटं करून बाजूला ठेवलं. आत वाकून बघितलं.

चिमट्यानं त्यांनी पंख्यातून एक धागा ओढला. तपकिरी, लोकरीचा. मग एक पिवळी पाकळी, वाळून कागद झालेली. मग दाढीच्या ब्रशनं पाती झाडली, तशी राख पडायला लागली. बारीक, पांढरी.

"उदबत्ती कोण लावतं?"

"मी."

"खोक्याला?"

"फोटो खोक्यावर ठेवलाय. हार घालतो, उदबत्ती लावतो. दिवाळीनंतर थंडी पडली..." मी थांबलो. "थंडी पडली म्हणून मी शाल घातली."

चाचा ब्रश हलवत होते. राख काउंटरवरून खाली जायला लागली.

"टाकू नका ती!"

मी दोन्ही हात पुढं केले. वेड्यासारखा ती राख काउंटरवर गोळा करायला लागलो. चाचांनी अडवलं नाही. रेघा मारलेली चिठ्ठी त्यांनी उलटी केली, तिच्यात राख घेतली, पाकळी ठेवली, धागा ठेवला. पुडी बांधली. माझ्या हातात दिली.

"जवळ ठेव. पण पंख्यात नको."

मी पुडी मुठीत धरली.

"म्हणजे माझ्यामुळं बंद पडत होतं," मी म्हटलं.

"फार गरम झालं की ते स्वतःच बंद होतं. नाहीतर जळून जाईल म्हणून. ते मरत नव्हतं, बारक्या. ते जीव वाचवत होतं."

"आईला वाटायचं ऊब आहे..."

"ताप होता."

हा शब्द त्यांनी काढायला नको होता.

"चाचा... तापात तो गोधडी मागायचा. थंडी वाजतीय म्हणायचा. मी घालायचो. एकावर एक. तीन घातल्या. डॉक्टर आले ते ओरडले, काढ म्हणाले. पण तो मागत होता, चाचा. मी काय करणार होतो? आणि आता पुन्हा मीच..."

चाचांनी ब्रश ठेवला.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दुकानातल्या काचा वाजल्या, थांबल्या.

"त्यानं मागितली," चाचा म्हणाले. "तू दिलीस."

मग त्यांनी खोक्यावर बोट टेकवलं. "ह्यानं मागितली नव्हती."

मी डोळे पुसले. चाचांनी तेवढ्यात माझ्याकडं बघायचं टाळलं. खोक्याचं झाकण उचलून त्यांनी उजेडात धरलं, आतली बाजू माझ्याकडं करून.

आत पांढरा कागद चिकटवलेला होता. पट्टीनं आखलेला. ओळीओळीनं पेन्सिलीत दादाचं अक्षर. बारीक, उजवीकडं झुकलेलं.

१० फेब्रुवारी. झाडलं.

१२ एप्रिल. झाडलं.

९ जून. झाडलं. पंख्याला तेल.

११ ऑगस्ट. झाडलं.

त्याच्याखाली काही नाही.

"मी शिकवलेलं," चाचा म्हणाले. "वस्तू उघडली की आत तारीख लिहायची. पुढच्या हाताला कळावं म्हणून. बाकीची पोरं विसरली..." त्यांनी अंगठ्यानं ऑगस्टच्या कडेची धूळ पुसली. अक्षराला अंगठा लागू दिला नाही. "हा नाही विसरला."

मला ते माहीत नव्हतं. जवळजवळ वर्षभर खोकं घरात होतं आणि दादा ते उघडतो, झाडतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मला वाटायचं ते आपोआप चालतं.

चाचांनी पेन्सिल माझ्यापुढं धरली.

"लिही."

"मी?"

"आज कुणी आणलं? मी नाही आणलं."

"त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर नको, चाचा. आठवीत शाळा सोडली मी. माझं अक्षर बघितलंय कुणी? कोंबडीचे पाय."

"किती ओळी रिकाम्या आहेत?"

मी मोजल्या. "चौदा."

"आखल्या कुणी?"

मी पेन्सिल घेतली. पाचव्या ओळीत तारीख लिहिली. ७ डिसेंबर. 'झाडलं' मधला ड ओळीच्या बाहेर गेला. चाचांनी वाचलं, मान हलवली, जसं काही बिल बरोबर आहे.

मग खोकं उघडंच ठेवून त्यांनी दुकानातल्या छोट्या टीव्हीला जोडलं. पंखा फिरला. त्यांनी माझा हात धरला आणि मागच्या जाळीपाशी नेला.

वारा येत होता. एवढासा. गार नाही, गरम नाही.

मी व्हिडिओ लावला. पहिल्यापासून.

आई शेंगा फोडत होती. आणि दुकानात दादाचा आवाज आला.

"आई, इकडं बघ की. ...अगं, कॅमेऱ्यात. माझ्याकडं नको."

"तुझ्याकडं नको तर कुणाकडं बघू?"

चाचा स्टुलावर होते. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. मांडीवरच्या शालीवर त्यांचा दुसरा हात होता. अर्धा तास आम्ही दोघं बघत राहिलो. दुकानात एक बाई मिक्सर घेऊन आली, आमच्याकडं बघितलं, मिक्सर काउंटरवर ठेवून गेली.

रोज जिथं पडदा काळा होतो ती जागा आली. आई फुटक्या शेंगेतला दाणा तोंडात टाकते, तिथं.

आईनं दाणा चावला. दुसरी शेंग घेतली.

आणि शेवटी दादा पुढं आला. निळा शर्ट, विस्कटलेले केस. आईच्या पदराला हात घालून त्यानं माईक काढला. आईनं तेवढ्यात त्याच्या तोंडात एक दाणा कोंबला.

"झालं, झालं," दादा चावत म्हणाला. पडदा काळा झाला.

ह्या वेळी तो संपून काळा झाला होता.

चाचांनी चष्मा लावला. झाकण बसवलं, चार स्क्रू आवळले. नवीन डिस्कवर त्या व्हिडिओची प्रत करून ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

"फोटो भिंतीला लाव," ते म्हणाले. "उदबत्ती तिथं. खोक्याच्या चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी. दोन महिन्यांनी उघडायचं."

"आणि शाल?"

"शाल काढायची."

मी खोकं उचललं. दारापर्यंत गेलो. परत आलो.

"चाचा... मग आई हात कशावर ठेवणार?"

चाचांनी काउंटरवरची पेन्सिल कानावर लावली.

"ती टीव्ही बघती तेव्हा तू कुठं बसतोस?"

"दारात. उंबऱ्यावर. मला... आत बसवत नाही."

चाचा उठले. काउंटरला वळसा घालून माझ्यासमोर आले. मांडीवरची शाल त्यांच्या हातात होती. ती त्यांनी झटकली, उघडली आणि माझ्या खांद्यावर टाकली. माझे दोन्ही हात खोक्यात अडकलेले, म्हणून पुढची दोन टोकंही त्यांनीच ओढून नीट केली. त्यांच्या मांडीची ऊब अजून लोकरीत होती.

"आज उंबऱ्यावर बसू नकोस," ते म्हणाले.