ठिपकी आणि बोरीवरचं गोणपाट

डोंगराखाली एक घर होतं. घरापुढे अंगण होतं. अंगणात शेवंतामावशीच्या कोंबड्या होत्या.

त्यातली एक तांबडी. तांबडीची पिल्लंच पिल्लं. सगळ्यात चपळ पिल्लू होतं ठिपकी. तिच्या पाठीवर काळे काळे ठिपके. सगळ्यात लहान पिल्लू होतं भुंडू. त्याला शेपटीचा पत्ताच नव्हता, म्हणून तो भुंडू.

थंडी आली. मग मावशीने काय केलं? खुराड्यापुढे कोंबड्यांसाठी थंडीचं अंगण केलं. मेढी रोवल्या, ठक ठक. जाळी ताणली, कर्र कर्र. खाली पेंढा अंथरला, सळसळ सळसळ. आता कोंबड्यांनी दिवसभर उन्हात फिरावं. मुंगसाने बाहेरूनच बघावं.

वाऱ्याच्या बाजूला मावशीने पडदा बांधला. पडदा कसला? गोणपाटाचा. जुनं पोतं उसवून केलेला, जाडजूड.

पण वारा आला, सूं सूं. पडदा हलला, फड फड. गाठ सुटली, आणि गोणपाट उडालं, भुर्रर्र.

उडालं ते कुंपणापलीकडे गेलं. बोरीच्या झाडावर जाऊन अडकलं.

आता गार वारा सरळ जाळीतून आत. पिल्लं पळाली आईच्या पंखाखाली. सगळी दाटीवाटीने बसली. पण भुंडू कुडकुडायला लागला. कुडकुड कुडकुड. त्याने दाणा टिपला नाही. पाणी प्यायला नाही. चिवचिवसुद्धा केलं नाही.

आईने त्याला पोटाशी घेतलं. आता आईला उठता येईना. ती उठली, तर भुंडू उघडा पडणार.

ठिपकीने भुंडूकडे पाहिलं. ठिपकीने बोरीकडे पाहिलं. मग ती पंखाखालून बाहेर आली.

"आई, मी गोणपाट आणते," ती म्हणाली.

जाळीखाली एक फट होती. फटीतून ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु.

ठिपकी गेली मावशीकडे. मावशी दाणे पाखडत होती.

"मावशी, मावशी, पडदा बांध.
भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

मावशीने वर पाहिलं. गोणपाट बोरीवर. तिने हात उंचावला. हात काही पोचेना.

मावशी म्हणाली, "बोरीने गोणपाट सोडलं, तर मी पडदा बांधीन. नाहीतर कशाने बांधू?"

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. गेली बोरीकडे.

"बोरी, बोरी, गोणपाट सोड.
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

बोरी हलली. गोणपाट हललं. पण काट्यात पक्कं गुंतलेलं. इकडून सुटलं की तिकडे अडकायचं.

बोरी म्हणाली, "चांदीने फांदी वाकवली, तर मी गोणपाट सोडीन. नाहीतर कसं सोडू?"

चांदी म्हणजे शेजारची शेळी. कपाळावर पांढरा टिळा. बोरीचा पाला म्हणजे तिचा जीव की प्राण.

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. गेली चांदीकडे.

"चांदी, चांदी, फांदी वाकव.
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

बोरीचं नाव ऐकलं आणि चांदी उठलीच. बें बें. चार पावलं गेली, आणि गळ्याला हिसका बसला. दावं खुंटीला बांधलेलं.

चांदी म्हणाली, "काका उठले, दावं सोडलं, तर मी फांदी वाकवीन. नाहीतर कशी येऊ?"

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. गेली महादूकाकांकडे. महादूकाका म्हणजे चांदीचे मालक. ओट्यावर बसलेले. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, वर घोंगडी. नुसतं नाक दिसत होतं. नाकही लाल लाल.

"काका, काका, उठा ना.
चांदी फांदी वाकवेना,
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

काकांना वाईट वाटलं. त्यांनी उठून पाहिलं. गुडघे म्हणाले, कट कट. काका परत बसले.

काका म्हणाले, "काकूने चहा केला, तर मी उठीन. पोटात गरम गेल्याशिवाय हे गुडघे ऐकत नाहीत बघ."

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. गेली कौसाकाकूकडे. काकू स्वयंपाकघरात होती. आधण ठेवलेलं. चहाची पूड काढलेली. आलं ठेचलेलं. पण चहा कुठे होता?

"काकू, काकू, चहा कर.
काका काही उठेनात,
चांदी फांदी वाकवेना,
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

काकूने कपाळाला हात लावला. म्हणाली, "मी मघापासून तेच करतेय गं बाई. फुंकून फुंकून माझे गाल दुखले."

"चूल पेटली, तर मी चहा करीन. नाहीतर कशावर करू?"

ठिपकी वळली. तुरु तुरु तुरु. चूल तर तिथेच होती.

"चुली, चुली, पेट ना.
काकू चहा करेना,
काका काही उठेनात,
चांदी फांदी वाकवेना,
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

चुलीने धूर सोडला. ठिपकीला शिंक आली, च्छिक्. राखेत एक निखारा होता. एवढासा. लुकलुक लुकलुक.

चूल म्हणाली, "सोनकीने फुंकणी दिली, तर मी पेटेन. नाहीतर कशी पेटू?"

फुंकणी म्हणजे लोखंडाची लांब नळी. एका टोकाने फुंकायचं, दुसऱ्या टोकाने वारा निखाऱ्यावर जातो. आणि सोनकी म्हणजे काकूची लेक. नुकतीच चालायला लागलेली. हाताला येईल ते उचलायची आणि पळायची.

ठिपकी निघाली, तुरु तुरु तुरु. गेली परसात. तिथे सोनकी बसली होती. तोंडात फुंकणी. पूं पूं, पूं पूं.

"सोनकी, सोनकी, फुंकणी दे.
चूल काही पेटेना,
काकू चहा करेना,
काका काही उठेनात,
चांदी फांदी वाकवेना,
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

सोनकीने पूं पूं थांबवलं. ठिपकीकडे पाहिलं. फुंकणी पोटाशी धरली.

"नाय," सोनकी म्हणाली.

मग तिने दुसरा हात पुढे केला. तळवा पसरला.

"पिल्लू हातात ये. मग देते."

ठिपकी दोन पावलं मागे सरली. आईने किती वेळा सांगितलं होतं, सोनकीच्या हातात जायचं नाही म्हणून. परवाच सोनकीने तांबडीची शेपटी ओढली होती. दोन पिसं तिच्या मुठीतच राहिली होती.

ठिपकीला पळून जावंसं वाटलं. फटीतून आत जावं. आईच्या पंखाखाली बसावं. पण पंखाखाली भुंडू होता. ऊन उतरायला लागलं होतं. वारा अजून थांबला नव्हता.

ठिपकी हळूच म्हणाली,

"सोनकी फुंकणी देईना,
चूल काही पेटेना,
काकू चहा करेना,
काका काही उठेनात,
चांदी फांदी वाकवेना,
बोरी गोणपाट सोडेना,
मावशी पडदा बांधेना,
आणि भुंडू माझा कुडकुडतो, कुडकुड कुडकुड."

मग तिने सोनकीला विचारलं, "दाबशील?"

सोनकीने मान हलवली. नाय.

"ओढशील?"

सोनकीने मान हलवली. नाय.

ठिपकीने एक पाय ठेवला. तळवा मऊ होता. दुसरा पाय ठेवला. तळवा गरम होता. ठिपकी डोळे मिटून बसली.

सोनकी एरवी जरा स्वस्थ बसायची नाही. पण आता ती हललीच नाही. श्वाससुद्धा हळूहळू घेत होती. पिल्लाच्या छातीत काहीतरी उडत होतं. धुक धुक, धुक धुक. सोनकीने वाकून ऐकलं. तिचे डोळे मोठे मोठे झाले.

ठिपकीने एक डोळा उघडला. सोनकीचं तोंड अगदी जवळ होतं. त्यात दोनच दात होते. आणि ते हसत होते.

सोनकीने हात खाली टेकवला. अगदी अलगद. ठिपकी उतरली.

"घे," सोनकी म्हणाली.

पण फुंकणी होती ठिपकीपेक्षा लांब. ठिपकी कशी उचलणार? मग फुंकणी घेऊन सोनकीच निघाली. डुगु डुगु डुगु. मागे ठिपकी, तुरु तुरु तुरु.

मग काय झालं?

सोनकीने फुंकणी दिली.
काकूने फुंकर मारली, फूं फूं.
चूल पेटली, भडभड.
काकूने चहा केला, खदखद.
काका चहा प्यायले, भुरुक भुरुक.
काका उठले, कट कट.

काकांनी दावं सोडलं. चांदी सुटली ती थेट बोरीकडे. बें बें बें. मागच्या पायांवर उभी राहिली. फांदी दातात धरली. ओढली, वाकवली.

बोरं पडली, टप टप टप. आणि बोरीने गोणपाट सोडलं.

सोडलं ते कुठे पडलं? चांदीच्या डोक्यावर.

चांदीला काही दिसेना. ती इकडे गेली, धप्. तिकडे गेली, धप्. गोणपाट पांघरून सगळ्या अंगणात फिरली. काका तिच्यामागे. सोनकी काकांमागे. ठिपकी सोनकीमागे. शेवटी चांदी मावशीच्या पुढ्यात जाऊन थांबली.

मावशीला हसू आवरेना. हसत हसतच तिने गोणपाट काढून घेतलं. काट्यांनी एक भोक पडलं होतं. मावशीने दाभण आणलं, सुतळी ओवली, भोक शिवून टाकलं.

काकांनी एक टोक धरलं. मावशीने दुसरं बांधलं. वर गाठ, खाली गाठ. मधे आणखी एक गाठ. खालच्या काठावर काकांनी दगड ठेवले, थड थड थड. काकू पाटीभर राख घेऊन आली. कोंबड्यांना राखेत लोळायला फार आवडतं. तिने कोपऱ्यात राख ओतली. पाण्याच्या थाळीत थोडं कोमट पाणी घातलं. सोनकीने पेंढा आणला. एकेक काडी आणत होती. अर्धा वाटेतच सांडला, तो चांदीने खाल्ला.

ठिपकी फटीतून आत गेली. मावशीने फटीवर वीट ठेवली.

वारा आला, सूं सूं. पडद्यावर आदळला. पडदा फुगला, ढिम्म राहिला. वारा डोंगराकडे निघून गेला.

दुसऱ्या बाजूने ऊन आत आलं. पेंढ्यावर पसरलं. तांबडीच्या पिसांवर चढलं.

आईच्या पोटाखाली कुडकुड चालली होती. कुडकुड... कुड... कुड... आणि थांबली.

पिसांतून एक चोच बाहेर आली. मग एक डोळा. मग सगळा भुंडू. तो पेंढ्यावर उतरला. एक दाणा टिपला, टक्. दुसरा टिपला, टक्. मग थाळीकडे गेला आणि कोमट पाणी प्यायला.

तांबडी उठली. किती वेळाने उठली. तिने दोन्ही पंख ताणले आणि राखेत मनसोक्त लोळली.

भुंडूने विचारलं, "ठिपके, कुठे गेली होतीस गं?"

ठिपकीला सगळं सांगायचं होतं. ती त्याच्याशेजारी बसली. पाय पोटाखाली घेतले.

"आधी मी मावशीकडे गेले," ती म्हणाली. "मग बोरीकडे... मग चांदी... मग काका..."

तिची मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली. भुंडू वाट बघत राहिला. ठिपकी झोपली होती.

भुंडू तिला आणखी चिकटून बसला. आता त्याचं अंग गरम होतं. त्या गरमपणात ठिपकी गाढ निजली.

पडद्याबाहेर वारा, पडद्याआत ऊन,
गोष्ट आमची संपली पेंढ्यावर निजून.