गोष्टीच्या तासाला लागणारी तहान

“पण बाई, पुस्तक निवडायचं तरी कशावरून?”

विश्वंभरनं पुन्हा विचारलं. आल्यापासून तो हेच विचारत होता.

धोंडगे बाईंनी तुरीची शेंग दोन बोटांत धरून दाबली. हिरवे दाणे परातीत पडले. त्यांनी दुसरी शेंग उचलली.

बाई नोकरीतून निवृत्त झाल्या त्याला जमाना झाला. बालाघाटाच्या डोंगरावरच्या या वाडीत त्या एकट्याच राहत. पण दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवावी ती धोंडगे बाईंनी, असं खालच्या गावांमधून अजूनही बोललं जाई. विश्वंभरच्या शाळेचे हेडमास्तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनीच त्याला इकडे पिटाळलं होतं. बाईंच्या तासाला कुणी जागचं हलत नसे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

विश्वंभरला ते ऐकून नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तरी रविवार गाठून तो पुस्तकांची पिशवी खांद्याला अडकवून आला. गरज त्याची होती.

तसा तो काही ऐरागैरा मास्तर नव्हे. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. आवाज असा की कोल्हा म्हटलं की कोल्हा, म्हातारी म्हटलं की म्हातारी. दुसरीचा वर्ग हाती आल्यावर शेवटचा तास गोष्टीचा असावा, हे त्यानं हेडमास्तरांशी भांडून मिळवलं होतं.

आणि झालं होतं ते असं. तो पुस्तक उघडी. पहिलं पान उलटत नाही तोच एक बोट वर येई.

“सर, पाणी पिऊन येऊ?”

एक गेला की दुसरा. दुसऱ्यामागं तिसरी. साथ पसरावी तशी वर्गात तहान पसरे. ऐन थंडीत. नळाशी पोरांची ही रांग आणि वर्गात कोल्ह्याच्या आवाजात बोलणारे सर.

हेडमास्तरांनी हे व्हरांड्यातून पाहिलं. म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघू, नाहीतर तो तास आपला पाढ्यांना देऊन टाकू. पालथ्या घड्यावर पाणी कशाला.

हेही त्यानं गिळलं असतं. पण त्याच्या वर्गात कार्तिकी नावाची एक मुलगी होती. जूनपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलाही नुसती मान हलवायची. परवा गोष्ट ऐन रंगात आली असताना तिनं बोट वर केलं. त्याला वाटलं, गोष्टीतलंच काहीतरी विचारणार. आनंदानं हातातलं पुस्तक बाजूला ठेवून तो तिच्यापाशी वाकला.

“सर, पाणी पिऊन येऊ?” कार्तिकी म्हणाली.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

बाईंना त्यानं हे सगळं सांगून टाकलं होतं. कार्तिकीचंही. सांगताना आवाज जरा कापला, तेव्हा त्यानं खोकल्याचं निमित्त केलं.

“पाणी देऊ का?” बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

तो नको म्हणाला. घाट चढताना जवळची बाटली संपवली होती. आणि पाहुणचाराला आलोय असं बाईंना वाटू द्यायचं नव्हतं.

...

“दाखव बघू पुस्तकं,” बाई म्हणाल्या.

त्यानं ती ओसरीवर एकापुढं एक मांडली. नवी कोरी, चकचकीत. हे स्वच्छतेचं. हे खरं बोलण्याचं. हे झाडं वाचवा म्हणून. या एकाला तर मोठं बक्षीस मिळालंय. भाजीवाल्यानं ताजी भाजी दाखवावी तसं तो एकेक उचलून दाखवत होता.

बाईंनी एक हातात घेतलं. उघडलं. शेवटच्या पानाशी ते आपोआप उघडलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याची आधीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

त्यांनी मान वर केली.

विश्वंभरला ती नजर कौतुकाची वाटली. त्यानं आपली युक्ती सांगितली. दुकानात गेलं की आधी शेवटचं पान बघायचं. गोष्टीतून शेवटी काय शिकायला मिळतं ते तिथंच कळतं. मिळत असेल तर घ्यायचं, नसेल तर ठेवून द्यायचं. वेळ वाचतो, शिवाय फसगत होत नाही. गोष्ट संपली की पोरांना तात्पर्य विचारता येतं.

“आणि पहिलं पान?”

“पहिल्या पानावर काय असतं, बाई? एक होता राजा.”

...

“यातलं तुला कुठलं आवडलं?”

“माझ्या आवडीचा प्रश्न कुठं येतो?” विश्वंभर म्हणाला. “पुस्तकं पोरांसाठी आहेत.”

“हो, तेही खरंच,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. “वाच एखादं. मी पोर आहे असं समज.”

विश्वंभर सरसावून बसला. त्यानं स्वच्छतेचं पुस्तक घेतलं. त्यात दात न घासणारं एक अस्वल होतं. अस्वलाला त्यानं खर्जातला आवाज दिला, सशाला नाकातला. मध्येच उभा राहिला, हातवारे केले. समोरच्या घरातली कोंबडी दचकून पळाली. बाई शेंगा सोलत होत्या.

अस्वलाचा दात दुखायला लागला होता.

“थांब हां जरा,” बाई म्हणाल्या. “पाणी पिऊन येते.”

त्या उठून आत गेल्या. माठावरचं झाकण वाजलं. विश्वंभर पुस्तक धरून तसाच उभा राहिला. अस्वलाचा आवाज गळ्यात अडकला होता. त्याचे कान गरम झाले.

बाई आल्या, बसल्या, परात पुढं ओढली.

त्यानं खरं बोलण्याचं पुस्तक घेतलं. आता आवाज आणखी चढवला. त्यातला कावळा ओरडला तेव्हा गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. बाई किडके दाणे निवडून बाजूला टाकत होत्या. अगदी मन लावून टाकत होत्या.

विश्वंभरनं पुस्तक मिटलं.

“म्हणजे तुम्हीसुद्धा,” तो म्हणाला.

“राग आला?”

“आला.”

“कुणाचा?”

...

ओरडून ओरडून विश्वंभरचा घसा कोरडा ठक्क पडला होता. जीभ टाळूला चिकटत होती. इथवर चढून आलो, आपल्या वर्गाची लाज या म्हातारीपुढं उघडी केली, आणि हाती काय आलं? पाढे. त्याला उठून चालू लागावंसं वाटलं. पण एवढा घाट कोरड्या घशानं उतरणं कठीण होतं.

“थोडं पाणी मिळेल का?” तो खालच्या आवाजात म्हणाला.

बाई लगेच उठल्या. तांब्याभर पाणी आणलं, वर गुळाचा खडा. रानातून, घाटातून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नसतं, पोटात टोचतं. आधी गूळ खायचा आणि मग पाणी प्यायचं. विश्वंभरनं खडा हातात घेतला. तांब्या त्याच्या गुडघ्याशी होता, भरलेला, बाहेरून ओलसर.

पिशवी कलंडली होती. तिच्या तळातून एका पातळ पुस्तकाचा कोपरा डोकावत होता. बाईंनी ते ओढून काढलं.

“हे नाही दाखवलंस?”

विश्वंभर ओशाळला. दुकानदारानं ते वरून फुकट टाकलं होतं. त्यानं शेवटचं पान बघितलं होतं. म्हैस घरी आली, दावणीला उभी राहिली, मग सगळे जेवले. झालं, संपलं. यावर पोरांना काय विचारायचं? त्यात घेण्यासारखं काही नाही, बाई, असं तो म्हणाला.

बाईंनी पहिलं पान उघडलं होतं.

त्यांनी ते मनाशीच वाचलं. मग पुढचं. शेंग बोटांत तशीच राहिली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. ओसरीवर कुणी बसलंय हे त्या विसरल्या असाव्यात, असं विश्वंभरला वाटलं. त्याला ते थोडं लागलंही.

मग पानं मागं उलटून त्या पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागल्या.

आवाज साधाच. ना म्हशीचा आवाज काढला, ना हात हलवले. शेजारणीला गावातली एखादी खबर सांगावी तसं चाललं होतं. गावातली सगळी गुरं दिवस मावळायला घरी येतात. एक म्हैस तेवढी येत नाही. सगळ्यांची जेवणं खोळंबतात, कारण तिची धार काढल्याशिवाय आई ताट वाढत नाही. अंधार पडल्यावर म्हैस निवांत चालत येते. तिच्या शिंगांना रोज कसलीतरी पिवळी फुलं अडकलेली असतात. तसली फुलं गावात कुणी कधी पाहिलेली नाहीत.

घरातली धाकटी पोर एके दिवशी गुपचूप म्हशीच्या मागं निघते.

विश्वंभरनं गुळाचा खडा तोंडाकडं नेला होता. हात वाटेतच थांबला.

म्हैस ओढा उतरली. पोर उतरली. म्हशीनं गावाची वाट सोडली, पोरीनंही सोडली. करवंदीच्या जाळीतून ती सरपटत गेली. परकर फाटला. आई मारणार, हे तिला तिथंच कळलं, तरी ती मागं वळली नाही...

म्हैस घरी येणार हे विश्वंभरला ठाऊक होतं. पोरही येणार, सगळे जेवणार, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी शेवटच्या पानावर वाचलं होतं. तरी तो पुढं सरकला. परातीला गुडघा लागला तेव्हा दाणे सांडले. त्याला पत्ता नव्हता.

ऊन ओसरीच्या कडेवरून खाली उतरलं.

म्हैस एका कपारीपाशी थांबली. पोर दगडाआड दबून बसली. आतून वारा आल्यासारखा झाला आणि वाऱ्याबरोबर त्या फुलांचा वास. म्हशीनं एक कान मागं वळवला. मग हळूच मान फिरवून तिनं दगडाकडं पाहिलं. पोरीनं श्वास रोखला. म्हैस जराशी बाजूला झाली, कपारीत आणखी एकाला जागा करून द्यावी तशी.

बाई थांबल्या.

त्यांनी पानात तुरीची एक शेंग ठेवली आणि पुस्तक मिटलं.

...

“मग?” विश्वंभर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. बारीक होता. “मग काय झालं, बाई? आत काय होतं?”

त्याच्या मुठीतला गूळ पाघळून मनगटावर ओघळत होता.

बाईंनी परात पुन्हा पुढं ओढली. सांडलेले दाणे वेचून आत टाकले. मग त्याच्या गुडघ्याशी असलेल्या तांब्याकडं पाहिलं.

“पाणी तसंच राहिलं की रे तुझं.”