पारावरचा बिबा

“बाबा, बिबा सगळ्यांनाच उततो का?”

विश्वंभरानं विचारलं खरं, पण धुंडीबाबांच्या हाताकडे बघायचं त्यानं टाळलं.

बाबा मठाच्या ओटीवर बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला. तळवा सुजून टम्म झालेला, बोटांवर पाण्यानं भरलेले फोड, मनगटापर्यंत लाली चढलेली. वरून कडुनिंबाचा लेप होता, तोही वाळून तडकला होता.

“नाही,” बाबा म्हणाले. “काहींना उततो. काहींना नाही.”

“म्हणजे… पाप्यालाच उततो, असं नाही?”

बाबा हातावरच्या लेपाचे वाळके पापुद्रे काढत राहिले.

विश्वंभराला हो ऐकायचं होतं की नाही, हे त्याचं त्यालाच कळेना.

आता हा विश्वंभर कोण आणि बिब्याचं हे काय प्रकरण, ते सांगायला हवं.

सातपुड्याच्या पायथ्याशी उजळवाडी नावाची वस्ती होती. जुन्या गावात पाप फार माजलं म्हणून काही घरं उठून इथं आली, आणि पाप तिकडेच राहिलं अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली. माणसं आली म्हणजे पापही गाडीत बसून आलंच असणार. पण हे बोलायचं कुणी?

इथं सगळ्यांनी पांढरं वस्त्र नेसायचं. कुणाचं पाऊल वाकडं पडलं, की त्याला पारावर बसवायचं. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, ठिबकणारा काळा रस वाटीत घ्यायचा आणि त्या माणसाच्या खांद्यावर, वस्त्रावर, बोटानं रुपयाएवढा डाग काढायचा. परीट कपड्यांवर खुणा करतात तोच हा रस. कितीही आपटा, कितीही उकळा, जात नाही. वस्त्र फाटलं की नव्या वस्त्रावर नवा डाग.

आणि त्या रसाबद्दल उजळवाडीची एक पक्की समजूत होती. पारावरचा बिबा निर्मळ हाताला बाधत नाही, पापी हाताला उततो.

घरी बिबे फोडायचे तर बायका आधी हाताला तिळाचं तेल चोळत, नाहीतर फोड येतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण पारावरचा बिबा म्हणे वेगळा. एकाच झाडाखाली वेचलेले बिबे! तरी असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

विश्वंभर हा बाबांचा पट्टशिष्य. पोथी तोंडपाठ, आवाज खणखणीत, बाबांच्या मागे गादी त्याचीच. डागावर तर त्याचं प्रवचनच होतं. आतलं काळं एकदा बाहेर आलं की माणूस निर्मळ होतो, असं तो सांगायचा, आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. त्यालाही ते सांगताना बरं वाटायचं.

मग कौतिकेचं पोट दिसू लागलं.

कौतिका मठ सारवायला येणारी विधवा बाई. सभेनं तिला विचारलं, कोण? पुंजाजी कारभाऱ्यानं आधी दरडावलं, मग गोडीगुलाबीनं घेतलं. ती जमिनीकडे बघत राहिली. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

बाप विश्वंभर होता.

बाबांचे हात थरथरतात, तेव्हा या खेपेला डाग विश्वंभरानं काढावा, असं पुंजाजीनं ठरवलं. विश्वंभराच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर का म्हणून विचारतील. हो म्हणावं तर चारचौघांत हात उतणार. त्याला गादी जाण्याची भीती होती, गावातून हाकलतील याची भीती होती, पण बाबा आपल्याकडे बघतील याची भीती सगळ्यांत मोठी होती. ते कसे बघतील, याची कल्पनाच त्याला करवेना.

शेवटी त्यानं देवघरातल्या समईतलं तेल घेतलं आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं.

पारावर कौतिका खाली मान घालून बसली होती. तिच्या खांद्याजवळ वाटी नेली आणि विश्वंभराचा हात असा कापायला लागला, की रस काठावरून सांडू लागला. लोक बघत होते.

“थांबू नका, बुवा,” कौतिका पुटपुटली. मान वर न करता.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी विश्वंभराची मूठ आपल्या मुठीत धरली आणि दोघांच्या हातांनी मिळून डाग निघाला. सांडलेला रस विश्वंभराच्या तेलकट हातावरून घसरला आणि बाबांच्या बोटांत उतरला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा हात सुजला. विश्वंभराच्या हातावर साधी पुळीसुद्धा नव्हती.

विश्वंभराचा जीव भांड्यात पडला. हे त्याला नंतर आठवायचं तेव्हा स्वतःचीच शिसारी यायची, पण पडला हे खरं.

गावानं मात्र सरळ हिशेब मांडला. ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायला रांग लागायची, त्यांना बघून बाया पदर ओढून वाट सोडू लागल्या. कौतिका मठातच तर काम करायची, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सगळ्यांनाच आधीपासून वाटत होतं म्हणे. पुंजाजीनं बाबांना सभेत उभं करून विचारलं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सभेचा निवाडा झाला. आज ऊन उतरलं की बाबांना पारावर बसवायचं, डाग लावायचा आणि तिथूनच वस्तीबाहेर घालवायचं. डाग लावील विश्वंभर, कारण त्याचा हात निर्मळ ठरला होता. मठाच्या किल्ल्याही लगेच त्याच्याच हवाली.

असा सगळा मामला. आणि म्हणून विश्वंभर भर दुपारी बाबांच्या ओटीवर येऊन बिबा सगळ्यांना उततो का, ते विचारत होता.

“मग आपल्याला आजवर कसा उतला नाही, बाबा? इतक्या जणांना डाग लावलेत आपण.”

“मी बोटाआड काडी धरून काढायचो. रस हाताला लागायचाच नाही.”

“पण लोक तर म्हणायचे…”

“म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.” बाबांनी सुजलेला हात हळूच उलटा केला, तोंड जरा वाकडं झालं. “गोड लागायचं.”

पारावर माणसं जमू लागली होती, त्यांचा गलबला ओटीपर्यंत येत होता. विश्वंभरानं पुन्हा धीर केला. सभेला हे समजावून सांगता येईल, बिब्याचा आणि पापाचा संबंध नाही हे शास्त्राधारे मांडता येईल, आपण स्वतः मांडू, असं तो भराभरा बोलत सुटला. म्हणजे बाबाही सुटले असते आणि त्यालाही आणखी काही सांगावं लागलं नसतं.

बाबांनी त्याला बोलू दिलं.

“विश्वंभरा, तुझं ते प्रवचन. काळं बाहेर आलं की माणूस काय होतो म्हणालास?”

“…निर्मळ.”

“मग कौतिका निर्मळ झाली.”

“हो, बाबा.”

“झाली ना?”

पुढचा प्रश्न बाबा विचारतील म्हणून विश्वंभर वाट बघत राहिला. बाबांनी विचारलाच नाही.

त्यांनी फक्त नाकाशी हात नेल्यासारखं केलं.

“त्या दिवशी तुझ्या मुठीला समईच्या तेलाचा वास होता.”

विश्वंभराची पाचावर धारण बसली. म्हणजे बाबांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. मूठ धरली तेव्हाच ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ती सोडली नाही.

“मग सभेत बोलला का नाहीत?” त्यानं विचारलं. “माझं नाव का घेतलं नाहीत?”

“ते कौतिकेनं घेतलं नाही. मी कोण घेणार?”

…

पुंजाजीची माणसं बोलवायला आली. बाबा भिंतीचा आधार घेत उठले. विश्वंभरानं हात पुढे केला, पण बाबांनी तो धरला नाही. रागानं नव्हे, एक हात भिंतीवर होता आणि दुसऱ्याला फोड होते.

पारावर सगळी उजळवाडी लोटली होती. पांढरंच पांढरं. कौतिका एका टोकाला, एकटी बसली होती. तिच्या भोवती दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती आणि गर्दीत घुसमटणारेही तिथं सरकत नव्हते. खांद्यावरचा डाग लांबून दिसत होता.

बाबा डाग घ्यायला बसले, उपरणं सारखं केलं, खांदा पुढे केला. पुंजाजीनं वाटी विश्वंभराच्या हातात दिली.

विश्वंभराच्या हाताला आज तेल नव्हतं. घरून निघताना त्यानं समईकडे पाहिलं होतं, नाही असं नाही. हात पुढेही गेला होता.

वाटीतला रस काळाकुट्ट होता. त्याला वाटलं, पळून जावं. डोंगर जवळ आहे, अंधार पडेल, कुणी शोधायचं नाही. मग बाबांच्या खांद्यावर डाग पडेल, कुणीतरी लावीलच. त्यानं एकदा कौतिकेकडे पाहिलं. या खेपेला ती मान वर करून बघत होती. डोळ्यांत राग नव्हता, आशाही नव्हती. माणूस काय करतो ते बघावं, तसं ती बघत होती, आणि हेच त्याला सोसवेना.

“बाबांचा हा हात उतला तो माझ्यामुळे,” विश्वंभर म्हणाला. प्रवचनातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मी तेल लावलं होतं. कौतिकेचं मूल माझं आहे.”



विश्वंभरानं वाटी खाली ठेवली, बाबांशेजारी पारावर बसला आणि आपला खांदा पुढे केला.

पुंजाजी सावरला तेव्हा त्यानं फर्मान सोडलं, की डाग याला लावा. एकजण पुढे झाला आणि वाटीपाशी थबकला. त्यानं आपला तळवा बघितला. मग त्याला आठवलं, की मागच्या शेजाऱ्याला आपल्यामुळे नीट दिसत नाही, आणि तो मागे सरकला. दुसऱ्याचा खांदा आखडला होता म्हणे. तिसऱ्याला घरी जनावरं बांधायची होती. पुंजाजीनं नाव घेऊन माणसं बोलावली, आणि ज्याचं नाव घेतलं तो पुढच्याच्या पाठीआड गेला.

“कारभारी, तुम्हीच लावा की,” बायांतून कुणीतरी म्हणालं.

पुंजाजी वाटीपाशी वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला… मग सरळ झाला आणि घराकडे चालू लागला.

त्याच्या मागून एकेक करत पार रिकामा झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जाताना सगळ्यांचे हात पदरात नाहीतर उपरण्याखाली होते.

वाटीतल्या रसावर साय धरू लागली.

उरले तिघं. बाबा, विश्वंभर आणि पाराच्या टोकाला कौतिका.

विश्वंभर खांदा पुढे करून तसाच बसला होता. मान दुखायला लागली, तरी हलला नाही. त्याला रडू येत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं, तसं झालंही होतं, पण ते संपत नव्हतं. डाग पडला असता तर काहीतरी संपलं असतं.

“बाबा, तुम्ही लावा,” तो म्हणाला. “तुमच्या हातून लावा. त्याशिवाय मी मोकळा व्हायचा नाही.”

बाबांनी डाव्या हातानं वाटी उचलली आणि रस मातीत ओतून टाकला.

“बाबा… मग मी काय करू? इथं किती वेळ बसू?”

बाबा उठले. त्यांनी सुजलेल्या हाताचं एक बोट कसंबसं सरळ केलं आणि कौतिकेच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं.

“तिला जाऊन विचार, बसू का म्हणून.”