अत्तराची पेठ

खूप खूप मागे, ज्या काळी राजांना लढायांपायी पैसा पुरत नसे आणि ते ओसाड माळ विकून मोकळे होत, त्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि तुमच्या मागे भिंतीला टेकून, ऐकत नसल्यासारखे दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. खरे तर ती तुमच्यासाठीच आहे.

एका शेठने राजाकडून असाच एक माळ विकत घेतला. माळावर बाभळी होत्या, सरडे होते आणि दोन वाटा एकमेकींना छेदून जात होत्या. एक समुद्राकडून येणारी मिठाची, दुसरी वरच्या मुलखातून येणारी धान्याची. राजाला तिथे बाभळी दिसल्या होत्या, शेठला बाजार दिसला. त्याने विहिरी खणल्या, रस्ते आखले, वेस बांधली आणि एक पेठ वसवली. जमीन सगळी त्याची. वेशीच्या आत राजाचा अंमलदार पाऊल टाकत नसे. तिथे शेठ म्हणेल तो कायदा, असा राजाचा शिक्काच होता.

एवढा अधिकार हातात आला की माणसे काय करतात, ते तुम्ही जाणताच. हा शेठ मात्र वेगळा निघाला. वसायला येणाऱ्यांना त्याने कौल दिला, म्हणजे मालकाचे वचन, आणि वेशीत उभे राहून तो स्वतः वाचून दाखवला.

"काय विकायचं, काय खायचं, कोणत्या देवापुढे हात जोडायचे, ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही कमावलेलं तुमचं. दुसऱ्याच्या अंगाला आणि मालाला हात लावायचा नाही, दिलेला शब्द फिरवायचा नाही, एवढंच माझं मागणं. येणाऱ्याला मी जात विचारणार नाही आणि जाणाऱ्याला अडवणार नाही."

कौलात आणखी एक कलम होते, ते ऐकून लोक हसले. पेठेत नवा नियम करायचा झाला तर तो आधी महिनाभर फक्त शेठच्या घराला लागू व्हायचा. शेठला तो सोसला, तरच बाकीच्यांना.

हसणारे हळूहळू हसायचे थांबले. विहिरीवर गुरांना पाणी पाजू नये, असा नियम निघाला तेव्हा शेठची बैलजोडी महिनाभर लांबच्या ओढ्यावर जात राहिली. गडी कुरकुरले, पण विहिरीचे पाणी नितळ राहिले, आणि नियम टिकला. पुढे कुणी तरी कोंबड्यांच्या आरवण्याची तक्रार केली. नियमाप्रमाणे आधी शेठच्या घरचे कोंबडे गेले. मग शेठ रोज उन्हे अंगणात येईपर्यंत घोरू लागला, आणि आठवड्यातच त्याने तो नियम रद्द करून कोंबडे परत आणवले. अख्खी पेठ त्या दिवशी मनमुराद हसली आणि शेठही हसला. असा मालक आणि अशी पेठ. मग माणसे येतील नाही तर काय?

तेली आला, हलवाई आला, तांबट आला, कोष्टी आले. सगळ्यांच्या मागून दोन गाढवांवर तांब्याची भांडी लादून एक अत्तरवाला आला. कुणी न घेतलेली, अगदी पूर्वेच्या टोकाची जागा त्याने घेतली. तिथे भट्टी लावून तो कधी वाळा, कधी केवडा, कधी मोगरा उकळत ठेवी. संध्याकाळी पूर्वेचा वारा सुटला की त्या भट्टीचा वास पेठेवरून तरंगत पार पलीकडच्या खिंडीपर्यंत जाई.

त्या खिंडीतून मिठाचे तांडे येत. बैल दमलेले, माणसे दमलेली. वास आला की तांड्यातली पोरेही ओळखत, मुक्काम जवळ आला. बैलसुद्धा पाय उचलू लागत म्हणे. अत्तरवाला बोलायला कमी, पण त्याच्या ओट्यावर कुणालाही मज्जाव नव्हता. संध्याकाळी तिथे माणसे जमत. पोरांच्या कानात अत्तराचा फाया बसे, आणि मोठ्यांची भांडणे तिथल्या तिथे बोलून मिटत.

हे सगळे शेठला आधी चांगलेच वाटत होते. पेठ नांदती राहिली की मालकाला दुसरे काय हवे?

मग एका संध्याकाळी शेठ वेशीत उभा असताना मिठाचा एक तांडा आला. तांड्याच्या नाईकाने त्याला विचारले, "बाबा, अत्तराची पेठ हीच ना?"

"ही शेठची पेठ," शेठ म्हणाला.

नाईक ओशाळला. "असेल बाबा. पण आम्हाला अत्तराच्या पेठेत जायचंय. चुकलो वाटतं," असे म्हणून त्याने बैल वळवायला घेतले. शेवटी कुणी तरी आतून धावत येऊन, हीच ती पेठ, असे सांगितले, तेव्हा तांडा आत शिरला. नाईक शेठकडे जरा कीव येऊन बघत गेला. म्हातारा इथे राहतो आणि याला गावाचे नाव ठाऊक नाही!

त्या दिवशी शेठच्या पोटात दुखू लागले, ते काही केल्या थांबेना. जमीन माझी, विहिरी माझ्या, वेस माझी, आणि नाव त्या दोन गाढवे घेऊन आलेल्या माणसाचे? ताटात आवडीची भाजी असली तरी त्याला केवड्याचा वास येई आणि घास तोंडातच फिरे. रस्त्यात कुणी हसले की वाटे, हा अत्तरवाल्याच्या ओट्यावरून हसत आलाय. कुणी नमस्कार केला की वाटे, त्याला याहून वाकून केला असेल. पूर्वी शेठ पेठेत फिरे तो दुकाने बघायला. आता तो फिरे ते माणसे कुणाच्या ओट्यावर बसली आहेत हे बघायला. लाजही वाटे त्याला त्याची. पण लाज वाटली म्हणून जळणे थांबत नाही, हे कुणी अनुभवले नसेल तर त्याने हात वर करावा.

अत्तरवाल्याला हाकलून द्यावे असे त्याच्या मनात अनेकदा आले. पण कौल आडवा येत होता. त्या माणसाने कुणाच्या मालाला हात लावला नव्हता, शब्द फिरवला नव्हता. मग शेठने कौल न मोडता काम करायची युक्ती काढली. त्याने नवा नियम जाहीर केला: प्रत्येकाने आपल्या घरचा वास आपल्या उंबरठ्याच्या आत ठेवावा.

ठरल्याप्रमाणे महिनाभर नियम शेठच्या घरालाच लागू झाला. आता शेठचे घर केवढे! चारी बाजूंनी उंच भिंती, स्वयंपाकघर तीन चौक ओलांडून मागे. महिना गेला, शेठला काही म्हणजे काही सोसावे लागले नाही.

शेठाणी हे बघत होती. जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, कोंबडे गेले तेव्हा तुम्हाला त्रास झाला होता, बैल लांब गेले तेव्हाही झाला होता. या महिन्यात तुम्हाला काय झालं? ज्या नियमाने आपल्या केसालाही धक्का लागत नाही, तो आपण पारखला कुठं?"

"कौलात महिना म्हटलंय. महिना झाला," शेठ म्हणाला आणि ताटावरून उठला.

नियम पेठेला लागू झाला तेव्हा अत्तरवाला शेठकडे आला. तो रागावलेला नव्हता, त्यामुळे शेठला अधिकच राग आला.

"शेठ, माझ्या वासाने कुणाला त्रास झाला असेल तर त्याचं नाव सांगा," तो म्हणाला. "त्याच्या घरापासून भट्टी लांब नेतो, पाया पडून माफी मागतो. पण कुणाला तरी झाला असला पाहिजे ना?"

शेठला एकही नाव सांगता येईना. एक होते, पण ते कसे सांगायचे? नियम सगळ्यांना सारखा आहे, एवढेच तो म्हणाला. अत्तरवाल्याने मान हलवली. चार दिवसांत त्याने भांडी गाढवांवर लादली आणि तो खिंडीच्या पलीकडे निघून गेला. शेठ त्या दिवशी बऱ्याच काळाने पोटभर जेवला.

ते जेवण पचायच्या आत तेली दारात उभा राहिला. शेजारच्या हलवायाच्या जिलबीचा वास उंबरठ्याबाहेर येतो, अशी त्याची तक्रार होती. शेठला ठाऊक होते की तेल्याला वास खुपत नव्हता, हलवायापुढची गर्दी खुपत होती.

"जिलबीच्या वासाने तुला रे काय त्रास?" शेठने दरडावून विचारले.

तेली शांतपणे म्हणाला, "शेठ, केवड्याच्या वासाने तुम्हाला काय होता?"

शेठने तेल्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत जे होते ते त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. त्याने खाली मान घालून तक्रार मानली, आणि हलवायाची कढई बंद झाली.

मग रीघच लागली. हलवायाला चूल बंद पडल्याचा राग होता, त्याने भडभुंज्याच्या फुटाण्यांवर बोट दाखवले. कोष्ट्यांना तांबटाची भरभराट बघवत नव्हती, त्यांनी ठोकाठोकीच्या आवाजावर नियम मागितला. तांबट कोष्ट्यांच्या माडीवर जळत होता, त्याने माडीच्या सावलीवर मागितला. असे नियम मागावेत हे आजवर कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. आता शेठनेच दाखवून दिले होते की शेजारी नकोसा झाला तर त्याच्यावर हात न उगारताही त्याला उठवता येते. प्रत्येक नियम आधी महिनाभर शेठच्या घराला लागे. शेठच्या घरात ना ठोकाठोक होती, ना भट्टी, ना शेजारी सावली पडेल असे कुणाचे घर. सगळे नियम त्याला सहज सोसले.

पेठेला मात्र सोसले नाहीत. आधी तांबट गेला, मग हलवाई, मग एकेक करून कोष्टी. कुणी भांडले नाही, जाणाऱ्याला अडवायचे नाही असे कौलातच होते. खिंडीत वास नाही म्हणून तांडे रात्र पडायच्या आत दुसरीकडे वळू लागले. जाणाऱ्यांना अडवायचा नियम करावा असे शेठला वाटले, पण तो आधी त्यालाच लागू झाला असता. आणि त्याला तर एकदा बाहेर जायचे होते. ही सगळी माणसे जातात कुठे, ते त्याला डोळ्यांनी बघायचे होते.

म्हणून एका सकाळी साधे धोतर नेसून, डोक्याला मुंडासे गुंडाळून शेठ खिंडीच्या पलीकडे गेला. दुपार कलताना वारा समोरून आला, आणि त्याबरोबर केवडा आला.

उतारावर नवी वस्ती उभी होती. तांबटाची ठोकाठोक चालू होती, कढईत जिलबी सुटत होती, मिठाचे बैल पाण्यावर उतरले होते. लांब ओट्यावर माणसांच्या घोळक्यात अत्तरवाला बसला होता. शेठच्या पोटातले जुने दुखणे तसेच्या तसे उठले. तो पुढे गेला नाही. वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारी कुंभारीण मडकी मांडून बसली होती, तिच्याकडे त्याने पाणी मागितले.

"नवे दिसता," पाणी देत ती म्हणाली. "जागा बघायला आलात का? मिळेल. इथं कुणी कुणाला आडकाठी करत नाही. शेठचा कौल आहे इथं."

शेठने तोंडाला लावलेले पाणी खाली घेतले. "कुणाचा?"

"शेठचा. पलीकडं कुणी मोठा शेठ होता म्हणे. नियम आधी स्वतःच्या घराला लावायचा आणि त्रास सोसून बघायचा. अत्तरवाल्यानं इथं वस्ती केली तेव्हा गावाला नाव काय द्यायचं ते विचारलं लोकांनी. तो म्हणाला, माझं देऊ नका, कौल माझा नाही. म्हणून या गावाला आम्ही शेठची पेठ म्हणतो." म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही तिकडचेच दिसता. ओळखत असाल त्याला. लई मोठ्या मनाचा माणूस असणार."

शेठने मडके खाली ठेवले. ओट्यावरचे हसणे त्याला ऐकू येत होते. हाक मारली असती तर अत्तरवाल्याने उठून त्याला शेजारी बसवले असते, हेही त्याला कळत होते. तेच त्याला सोसवेना.

"ओळखत होतो," तो म्हणाला, आणि आल्या वाटेने परत फिरला.

बोध: एका माणसावर जळून सगळ्यांसाठी नियम करणारा, शेवटी स्वतःचेच नाव गमावून बसतो.