थुंकणारा राखणदार

माणदेशातल्या एका वाडीत धुळा नावाचा एक भोळा मेंढपाळ होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. अडचण तेवढीच होती.

त्याच्याकडे अकरा मेंढ्या होत्या आणि ढवळी नावाचं एकच कोकरू उरलं होतं. बाकीची दोन लांडग्यानं नेली होती. धुळ्याची बायको हौसा ढवळीला बाटलीनं दूध पाजायची. तिचा फार जीव होता तिच्यावर. ती धुळ्याला म्हणाली, "ही गेली, तर म्या बी माहेरी गेले म्हणून समजा."

धुळ्याचं धाबं दणाणलं. हौसाच्या भावालाही बहिणीची काळजी लागली. एक सर्कस बंद पडली होती, तिथून त्यानं लामा नावाचा एक परदेशी प्राणी आणून दिला. मान उंटाची, अंग मेंढीचं आणि तोरा नव्या जावयाचा.

"दाजी, ह्यो परक्यावर थुकतो," मेव्हणा म्हणाला. "लांडगा बी ह्येला भितो. थुकला, की राखण चालू हाय म्हणून समजायचं."

मेव्हणा गेला. लामानं धुळ्याच्या तोंडावर थुंकून राखण चालू केली. धुळ्याला बरं वाटलं.

मग लामा गवत खाऊ लागला. थुंकेचना. राखण बंद पडली म्हणून धुळा घाबरला आणि समोर जाऊन त्यानं लामाचे कान ओढले. राखण चालू झाली. घटकाभरानं पुन्हा बंद. पुन्हा कान ओढले. तिन्हीसांजेला धुळा थुंकीनं हिरवागार होऊन घरी आला.

हौसानं कपाळावर हात मारला. "अवं, त्येच्या म्होरं कशाला जायचं? थुकणाऱ्याच्या मागं हुबं ऱ्हावं."

"बरं," धुळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. तात्यांच्या गालात तंबाखू असायचीच. अंगणात पाऊल टाकलं आणि ते पचकन थुंकले. धुळा उठला आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. तात्या चुलीपाशी गेले, धुळा मागं. तात्या विहिरीवर गेले, धुळा मागं. तात्या तांब्या घेऊन ओढ्याकडं निघाले, तरी धुळा मागंच.

"जावईबापू, तुमास्नी बी जायचंय व्हय?"

"न्हाई. तुमी बसा. म्या हुबा ऱ्हातो."

तात्या भरलेला तांब्या तसाच घेऊन परत आले आणि न जेवता आपल्या गावाला निघून गेले.

हौसाला रडूच आलं. "मोठ्या माणसाशी असं वागत्यात व्हय? मोठ्याला घरात न्यावं, घोंगडं अंथरावं, कवाड लावून निवांत निजू द्यावं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी हौसा बाजाराला गेली. घरी मोठं कोण, याचा धुळ्यानं विचार केला. मग तो लामाला खेटून उभा राहिला. लामा वीतभर मोठा भरला. धुळ्यानं त्याला घरात नेलं, घोंगडं अंथरलं, कवाड लावलं आणि स्वतः मेंढरांच्या कुंपणापाशी येऊन बसला.

दुपार कलली तसा माळावरून लांडगा आला. धुळ्यालाही आधी तो लांडगाच वाटला. पण त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. मेव्हण्याचं बोलणं धुळ्याला पक्कं आठवत होतं. एवढं थुंकतोय म्हणजे राखण जोरात चालू आहे. त्यानं अदबीनं कुंपणाचं दार उघडलं आणि मागं उभा राहिला.

हौसा बाजारातून परतली तेव्हा मेंढ्या एका कोपऱ्यात थरथरत होत्या.

"ढवळी कुठाय?"

"नव्या राखणदारासंगं गेली. लई मायाळू हाय त्यो. तिला पायी चालू दिलं न्हाई. तोंडात धरून नेली."

"कुठं नेली?"

"जेवायला."

हौसानं बाजाराची पिशवी खाली ठेवलीच नाही. डोळे पुसले आणि तशीच माहेरच्या वाटेला लागली.

धुळा कुंपणापाशी उभा राहून हाका मारत होता, "हौसा, जरा दम धर की. जेवून येतीलच ती दोघं."