अरुणिकेचा हात

पूर्वी कृतयुगात मेरूच्या उतारावर देवांची शिल्पशाळा होती. शुष्कासुराने मेघांतले सारे पाणी पाताळात नेले होते. ते वर आणायला इंद्राला न तडकणारा कलश हवा होता. शाळेचा अधिपती उग्रतपा महाज्ञानी. परंतु त्याच्यासमोर कारागिरांनी उच्चारावा असा शब्द एकच, 'आज्ञा'. कलशामागून कलश फुटले. ज्याच्या हातून कलश फुटेल त्याचा हात वज्राने तोडीन, असे इंद्राने बजावले होते. दर वेळी उग्रतपा एका कारागिराला पुढे करी आणि स्वतः ध्यानाला बसे. अशा ध्यानाला तप म्हणणाऱ्यांची जीभ झडो.

अखेर ब्रह्मदेवाने त्याला हटवून अरुणिका नावाच्या ऋषिकेला अधिपती नेमले. तिने मातीवर आराखडा रेखून त्यात खोट काढायला सांगितले. 'आज्ञा' म्हणेल त्याला आज भोजन नाही, असेही बजावले.

मग मेदक कुंभार पुटपुटला, "माते, आराखडा उत्तम आहे. पण..."

"पण काय?"

"भिंत फार जाड आहे. तिचा श्वास कोंडतो."

"आता भिंतीलाही नाक हवे का तुला?" शंखल ओतारी हसला.

"असू दे नाक. कसे करशील, मेदका?" अरुणिकेने विचारले.

मेदकाला मातीत भुसा मळायचा होता, शंखलाला एका भिंतीच्या दोन पातळ भिंती करायच्या होत्या. भांडण जुंपले. अरुणिकेने आधी मेदकाला करू दिले.

तो कलश फुटला. इंद्र वज्र घेऊन आला. मेदक पुढे झाला. अरुणिकेने त्याला मागे लोटले.

"देवेंद्रा, माती त्याची, अनुमती माझी. कलश माझ्या हातून फुटला."

वज्र कोसळले. जखमेवर वल्कल बांधून तिने विचारले, "मेदका, या फुटीतून काय कळले?"

रडत रडतच त्याने तुकडे पाहिले. पोट शाबूत होते, तडा फक्त जाड काठाला होता. मग मेदकाच्या मातीत शंखलाचा दुहेरी काठ घडला, कलश टिकला आणि पाणी आकाशात चढले.

खजील इंद्राने कारागिरांना वर मागायला सांगितले. अमरत्व मागता आले असते. त्यांनी अरुणिकेचा तुटलेला हात परत मागितला. वज्राने तुटलेले सांधत नाही, असे तो म्हणाला.

"मग तो सर्वांना दिसेल असा ठेवा," मेदक म्हणाला.

इंद्राने त्या हाताची पाच बोटे आकाशात ठेवली. तेच हस्त नक्षत्र. सूर्य तिथे आला की परतता पाऊस रब्बीच्या शाळूला ओल देऊन जातो. लोक त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात. म्हणोत बापडे. हत्तीने कुणासाठी सोंड दिलेली नाही. तो हात अरुणिकेचा आहे, आणि शाळूची भाकरी मोडणाऱ्या प्रत्येकावर त्याचे ऋण आहे.