ठकूआईचं ओलं सारवण

चपला बांधाखाली काढा, पण पाय धुऊ नका. देवळात जाताना धुता, कुणाच्या घरी जाताना धुता, इथं मात्र धुवायचे नाहीत. पाणेरवाडीत एवढा एकच नियम कडक आहे. तो मोडणाऱ्यावर इथल्या बाया डाफरतात, मग पाहुणा कितीही मोठा असो.

हे समोरचं ठकूआईचं जोतं. भिंती कधीच्या पडल्या, छप्पर तर कुणाच्याच आठवणीत नाही. चार बाजूंच्या दगडांमध्ये एवढी भुई तेवढी राहिली आहे. ती बघा कशी शेणानं सारवलीय, बोटांचे फेर अजून ओले दिसताहेत. इथं राहत कुणी नाही. देवस्थान म्हणावं तर शेंदूर नाही, मूर्ती नाही, कुणी नवसही बोलत नाही. तरी मिरगाच्या आधी, घट बसायच्या आधी, संक्रांतीला आणि पाडव्याला गावातली कुणी ना कुणी येऊन ही भुई सारवून जाते. पावसात धुऊन गेली तर पुन्हा सारवते. आणि सारवण ओलं असतानाच त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी मळकं पाऊल पडावं लागतं. त्याशिवाय ते पुरं झालं असं धरत नाहीत.

गोष्ट जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ठकू या घरात नवी नवरी होऊन आली, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरात बायजा आली. दोघींचीही माहेरं घाटाखाली, लांब. सणावारालासुद्धा जाणं व्हायचं नाही, तेव्हा दोघींनी एकमेकींतच माहेर करून घेतलं. सकाळी जिची चूल आधी पेटेल तिच्याकडून दुसरी खापरात विस्तव घेऊन जायची. विस्तव नेणं हे निमित्त असे. खापरातले निखारे विझून राख व्हायचे तरी बोलणं संपायचं नाही, आणि मग पुन्हा नवे निखारे घ्यावे लागायचे.

ठकूचा नवरा सटवाजी. एका पावसाळ्यात त्याची छाती भरली, ताप आला, आणि श्रावण लागायच्या आत माणूस गेला. त्याला बघायला आलेला वैदू निघताना सहज बोलून गेला म्हणे, "घरात वल लई हाय. वलीनंच धरला गड्याला." त्याच्या दृष्टीनं बोलणं तिथंच संपलं. पण ठकूच्या काळजात ते रुतून बसलं. घर राखणं बाईचं काम. ओल राहिली म्हणजे आपण राहू दिली, असं तिनं धरलं. दिवस झाल्यावर तिनं चुलीवर हात ठेवून शपथ घेतली. "जीव आसंस्तवर ह्या घरात वल राहनार न्हाई, घान राहनार न्हाई."

ती शपथ तिनं कशी पाळली, त्याचं आजही कौतुक करतात. पाडव्याच्या आधी भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरायचा. वैशाखात धान्य उन्हात पडायचं आणि निंबाचा पाला घालून पुन्हा कणगीत जायचं. मिरगाच्या आधी छप्पर शाकारून व्हायचं, भिंती भिजू नयेत म्हणून बाहेरून गवताच्या झडी लागायच्या. पावसात रोज तिन्हीसांजेला निर्गुडीची धुरी. घट बसायच्या आधी घरातलं प्रत्येक पांघरूण ओढ्यावर. थंडीत अख्खी उतरंड खाली काढून मडकी राखेनं घासायची आणि तशीच्या तशी पुन्हा रचायची. सारवण तर असं, की भाकरी भुईवर ठेवून खावी. आयाबाया नव्या सुनांना तिचं घर दाखवायला आणायच्या.

आणायच्या, पण उंबऱ्यापर्यंतच. पुढं हळूहळू ठकूचा शब्द येऊ लागला, "तिथनंच बघा गं." संक्रांतीचं हळदीकुंकू ओट्यावर होऊ लागलं. बायजाच्या खापरातून राख सांडते म्हणून विस्तव दाराबाहेर हातात मिळू लागला. बायजा थट्टेखोर होती. ती म्हणायची, "ठके, तुझ्या घरात माशीबी पाय धुऊन येत आसंल." ठकू हसायची, पण उंबऱ्यातून बाजूला व्हायची नाही. घर शांत राहतं, स्वच्छ राहतं, सटवाजीला दिलं नाही ते आता देतो आहोत, असं तिला वाटे. घर ओस पडत चाललं आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मग तो आषाढ आला. संततधार लागली होती. ठकू त्या दिवशी दुपारपासून सारवत होती. सारवताना बाई आतल्या भिंतीपासून सुरू करते आणि मागं सरकत सरकत उंबऱ्यातून बाहेर पडते, हे तुम्हाला माहीत असेल. शेवटचा हात मारून ठकू ओट्यावर आली, आणि तेवढ्यात शेजारी धडाडकन आवाज झाला. बायजाच्या घराची भिंत बसली होती. नवरा लावणीला लांबच्या खाचरात. बायजा तान्ह्या लेकीला पदरात घेऊन चिखलातून धावत आली. डोक्यापासून पायापर्यंत माती, केसांतून पाणी गळत होतं.

"ठके, भित पडली गं. पोरगी काकडलीय. आत घे."

ठकूनं लेकराकडं पाहिलं. मग भुईकडं पाहिलं. ओल्या सारवणावर चिखलाचे पाय पडले की भुई उचलते, पोपडे धरते, मग त्या पावसाळ्यात ती नीट वाळत नाही. आणि न वाळलेली भुई काय करते ते तिनं सोसलं होतं.

"जरा वाळू दे गं," ती म्हणाली. "वाळलं की ये. आपुन संगटच जाऊ आत."

तिला दुष्ट म्हणू नका. ती स्वतःसुद्धा बाहेरच उभी होती. स्वतःचा कोरडा पदर तिनं पोरीवर घातला, वाऱ्याच्या बाजूनं आडोसा धरून उभी राहिली. दोघी बाया आणि एक लेकरू ओट्यावर वळचणीखाली उभी, आत चूल धगधगते आहे, ऊब दारापर्यंत येते आहे, आणि आत कुणीच नाही. बायजा वाट बघत राहिली. ठकू वाकून वाकून भुईला बोट लावून बघत होती. अखेर बायजानं तो पदर पोरीच्या अंगावरून काढला, ठकूच्या खांद्यावर ठेवला आणि ओट्यावरून खाली उतरली.

"आगं, वाळतच आलंय!" ठकू ओरडली.

बायजानं मागं पाहिलं नाही. ओढ्यापलीकडं भावकीतल्या कुणाचा गोठा होता, तिथं ती राहिली. पुढं तिच्या नवऱ्यानं तिथंच नवं घर उभं केलं. काकडलेलं लेकरू बरं झालं, पण ओट्यावर पदराखाली ओली राहिलेली पोर बायजाच्या मनातून गेली नाही.

आणि ठकूची भुई वाळली नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. पावसाळ्यात कोण कशाला नवल करील? पण घट बसले, दसरा झाला, ऊन कडक पडू लागलं, तरी ठकूचं घर आताच सारवल्यासारखं ओलं. तिनं चुलीतली राख पसरली, राख भिजली. भाताचं तूस पसरलं, ते चिकटून बसलं. वरची माती खरवडून काढली, डोंगरावरची कोरडी माती आणून चोपणीनं चोपली, पुन्हा सारवलं. सकाळी तीही ओली. थंडीच्या दिवसांत ती दगडांवर फळी टाकून निजू लागली. जिनं शपथ घेतली होती तिच्याच घरात ओल ठाण मांडून बसली. गावात कुणकुण झाली, घराला काही बाधा आहे म्हणून. लोक आधीच येत नव्हते, आता रस्ताही वाकडा करून जाऊ लागले.

चैत्रात एक दिवस सकाळचं ऊन दारातून आत आलं, आणि ठकूला भुईवर पावलं दिसली. चुलीपासून पाण्याच्या घागरीपर्यंत, घागरीपासून जात्यापर्यंत, जात्यापासून फळीपर्यंत. सगळी तिची. एकाच बाईची पावलं, त्याच त्या वाटेनं, एकावर एक. ती खाली बसली. एवढं राखलेलं घर, आणि त्यात दुसऱ्या माणसाच्या पायाची एक खूण नाही. सटवाजी गेला तेव्हा रडली नव्हती इतकी ती त्या सकाळी रडली, असं सांगतात. आपणच "वाळलं की ये" म्हटलं होतं, आणि जिला म्हटलं ती आल्याखेरीज ही भुई वाळणार नाही, हे तिला त्या वेळी कळलं.

ती तशीच उठून ओढ्यापलीकडं गेली. बायजा अंगणात मिरच्या निवडत होती. लेक आता चालू लागली होती.

"बायजे, घरला चल," ठकू म्हणाली.

बायजानं मान वर केली नाही. "वाळलं का?"

"न्हाई. वलंच हाय. तशीच ये. पाय धुऊ नगंस."

भर चैत्रात, ओढा आटलेला असताना, भुई ओली आहे असं कुणी सांगितलं तर आपण तरी मानू का? बायजाला वाटलं, ही आपल्याला चिडवायला आली आहे, नाहीतर डोक्यानं गेली आहे. मनातला जुना काटा पुन्हा टोचला.

"वाळू दे," ती म्हणाली. "वाळलं की येते."

हे शब्द ठकूचेच होते. ती घरी परतली.

त्यानंतर ती कुणाकडं गेली नाही. फक्त सकाळ-संध्याकाळ तिच्या छपरातून धूर निघताना ओढ्यापलीकडून दिसायचा. बायजा तो बघायची. बघते हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण भाकरी थापताना तोंड त्या बाजूला असायचं. जाऊ जाऊ म्हणत वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. माणूस शेजारीच आहे, आज ना उद्या जाता येईल, या भरवशावर आपण किती दिवस काढतो ते तुम्हीही जाणताच.

पुन्हा आषाढ लागला. एके सकाळी धूर दिसला नाही. संध्याकाळीही दिसला नाही. दुसऱ्या सकाळी बायजानं हातातलं पीठ तसंच टाकलं आणि ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून, चिखलातून ती पळत सुटली.

दार सताड उघडं होतं. भुई नुकतीच सारवलेली, पण बायजाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं. सारवण उलटं होतं. ठकूनं उंबऱ्यापासून सुरुवात केली होती आणि आत आत सरकत शेवटच्या भिंतीपर्यंत गेली होती. दारापासून भिंतीपर्यंत सगळी भुई ओली, तीवर तिचं स्वतःचं एकही पाऊल नाही. कोपऱ्यात बसण्यापुरती जागा सोडून, भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून ठकू बसली होती. तिनं स्वतःची बाहेर यायची वाट सारवून टाकली होती. आता घरात पहिलं पाऊल पडेल ते येणाऱ्याचंच पडेल, अशी तजवीज करून ती वाट बघत होती.

बायजा चिखलाच्या पायांनी आत शिरली. तिचं पाऊल जिथं पडलं तिथं भुई वाळली, आणि तिथून कोरड चहूकडं पसरत गेली, पार कोपऱ्यापर्यंत.

काही जण सांगतात की ठकूनं ते पाहिलं, हसली, आणि मग डोळे मिटले. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या म्हाताऱ्यांकडून ही गोष्ट आमच्यापर्यंत आली त्या तसं सांगत नसत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बायजानं खांद्याला हात लावला तेव्हा अंग गार पडलेलं होतं. ठकूनं आपली वाळलेली भुई पाहिली नाही. मलाही हेच खरं वाटतं. पाहिली असती तर बायजा जन्मभर दर हंगामाला इथं येऊन सारवत बसली नसती, आणि सारवून झाल्यावर वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून आत ओढत नसती. गुराखी, वाटसरू, भिकारी, कुणीही चालायचं तिला. फक्त पाय मळलेले हवेत.

आजही पाणेरवाडीत सारवण झालं की बाई शेजारणीला हाक मारते, "पाऊल टाकून जा गं." शेजारीण हातातलं काम सोडून येते. रुसवा असला, भांडण असलं तरी येते, त्या हाकेला नाही म्हणायचं नसतं. दारात आलेल्याला इथं कुणी "थांब" म्हणत नाही. आता निम्म्या घरांत फरशी आली, ती पुसली की क्षणात वाळते. तरी उंबऱ्याच्या आत वीतभर मातीची पट्टी राखलेली दिसेल, सारवण्यापुरती. आणि निम्म्या घरांना कुलपं लागली आहेत, तेही दिसेलच. मुलं पुण्या-मुंबईला गेली. काही आळ्यांत एकेक म्हातारी उरली आहे, आणि तिनं घर सारवलं तर हाक मारायला डावीकडं कुणी नाही, उजवीकडं कुणी नाही.

अशा ज्या आहेत त्या मग आपलं घर सोडून इथं येतात आणि हे जोतं सारवतात. त्या पलीकडं चिंचेखाली एक आजी बसल्या आहेत ना पाठमोऱ्या, हाताचं शेण अजून वाळलेलं नाही, त्यांनी आज पहाटेच हे सारवलं आहे. तुमची गाडी बांधाला लागली तेव्हापासून त्यांनी मान वळवली नाही, पण कान इकडंच आहेत. टाका पाऊल. खालचा चिखल झटकू नका, तसेच या.